समीकरण सोडवलं म्हणजे नेमकं काय केलं?

मनात एक संख्या धरा. तिची दुप्पट करा, त्यात १० मिळवा, येईल ते निम्मं करा आणि त्यातून धरलेली संख्या वजा करा. उत्तर ५ आलं असणार. हा खेळ आपण लहानपणी खेळलो आहोत आणि 'याला कसं कळलं?' म्हणून चकितही झालो आहोत.

आता दुसरं कोडं. मी एक संख्या धरली, तिची तिप्पट केली, त्यात ७ मिळवले, तर ४० झाले. संख्या कोणती? चाळिसातून सात गेले तेहेतीस, तेहेतिसाला तिनाने भागलं की अकरा. कागदसुद्धा लागत नाही.

तिसरं कोडं दिसायला याच्याच जातीचं आहे. माझ्या संख्येच्या तिपटीत ७ मिळवले तर जे येतं, तेच तिच्या पाचपटीतून ५ वजा केले तरी येतं. संख्या कोणती? इथे मात्र मन थबकतं. आकडे लहान आहेत, क्रिया त्याच आहेत, तरी सुरुवात कुठून करावी ते उमगत नाही. शाळेत गणित बरं असलेली माणसंही इथे 'क्ष मानू' म्हणून कागद ओढतात आणि मग बाजू बदलली की चिन्ह बदलतं हा पाठ केलेला नियम चालवतात. उत्तर येतं. पण ते का येतं, हे विचारलं की बहुतेकांचं उत्तर 'तसंच करायचं असतं' एवढंच असतं. या 'का'चं उत्तर अवघड नाही आणि सहावी-सातवीच्या मुलालाही ते पूर्ण समजू शकतं.

उलटं चालणं कुठे थांबतं

दुसऱ्या कोड्यात आपण आल्या वाटेने परत गेलो. गुणलं होतं तिथे भागलं, मिळवलं होतं तिथे वजा केलं, आणि शेवटची क्रिया सर्वांत आधी उलटवली. ही रीत फार जुनी आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९मध्ये 'आर्यभटीय'मध्ये ती एका श्लोकात सांगितली आणि भास्कराचार्यांनी ११५०मध्ये 'लीलावती'त तिला व्यस्तविधी म्हणून स्वतंत्र जागा दिली. या रीतीला बीजगणिताची गरज नाही. नुसत्या अंकगणितावर ती चालते.

पण परत फिरायला शेवटचा मुक्काम माहीत असावा लागतो. दुसऱ्या कोड्यात तो ४० होता. तिसऱ्या कोड्यात तो दिलेलाच नाही. 'तिपटीत ७ मिळवून' काय आलं ते सांगितलेलं नाही, 'पाचपटीतून ५ वजा करून' काय आलं तेही नाही. ती दोन्ही उत्तरं सारखी आहेत, एवढीच माहिती हातात आहे. अनोळखी संख्या दोन्हीकडे आली की उलटं चालणं संपतं. मुलांना बीजगणित अचानक अवघड वाटू लागतं ते बरेचदा याच वळणावर, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. तोवर उपयोगी पडलेली रीत इथे चालत नाही आणि नवी रीत का हवी हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मग करायचं काय? अंदाजाने संख्या घालून बघायच्या. याला कमी लेखू नये. प्राचीन इजिप्तमध्ये अहमोस नावाच्या लेखनिकाने इसवी सनापूर्वी १५५०च्या सुमारास नकलून ठेवलेल्या पपायरसवर असं उदाहरण आहे: एक रास आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर रास किती? तिथे रास ७ धरली आहे. सात आणि सातवा भाग एक, मिळून ८. हवे होते १९. म्हणजे आठाचे एकोणीस व्हायला जितकी पट लागेल, तितकी पट साताची करायची. उत्तर १६ पूर्णांक ५/८. 'लीलावती'त याच रीतीला इष्टकर्म म्हटलं आहे.

आपल्या तिसऱ्या कोड्यातही संख्या घालून बघू. १ घातला तर पहिल्या बाजूला १० येतात, दुसऱ्या बाजूला ०. फरक १०. २ घातला तर १३ आणि ५, फरक ८. ३ घातला तर १६ आणि १०, फरक ६. इथेच थांबून फरकांकडे नीट पाहा: १०, ८, ६. संख्या एकाने वाढली की फरक दोनाने घटतो. घटणारच, कारण प्रत्येक पावलाला एक बाजू ३ ने वाढते आणि दुसरी ५ ने. मग फरक शून्य कधी होईल? ४ ला फरक ४, ५ ला फरक २, ६ ला शून्य. दोन्ही बाजूंना २५. उत्तर सापडलं.

आणखीही एक गोष्ट हाती लागली आहे, आणि मला ती उत्तराहून मोलाची वाटते. ७ घातला तर बाजू २८ आणि ३० होतात, म्हणजे दुसरी बाजू पुढे निघून गेली. पुढे ती आणखी पुढेच जात राहणार. त्यामुळे ६ हे एक उत्तर आहे इतकंच नव्हे, तर दुसरं उत्तर असूच शकत नाही, हेही आपल्याला कळलं.

'बरोबर'चं चिन्ह काय सांगतं

लहान मुलासमोर ८ + ४ = □ + ५ असं लिहा आणि चौकटीत काय येईल ते विचारा. बरीच मुलं १२ लिहितात. काही १७ लिहितात. बरोबर उत्तर ७ आहे. अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधकांनी हा प्रश्न मुलांना विचारून त्याच्या उत्तरांचा अभ्यास केला आहे आणि हीच दोन चुकीची उत्तरं त्यांना पुन्हा पुन्हा मिळाली. कारण सरळ आहे. पहिलीपासून मूल ८ + ४ = असं बघतं आणि पुढे उत्तर लिहितं. कॅल्क्युलेटरवरही ते बटण दाबलं की उत्तर येतं. 'बरोबर'चं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही' असा हुकूम, अशी त्याची समजूत पक्की होते.

प्रत्यक्षात ते चिन्ह एक दावा करतं: डावीकडे आहे आणि उजवीकडे आहे ती संख्या एकच आहे. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समधल्या विद्वानाने १५५७मध्ये आपल्या पुस्तकात हे चिन्ह पहिल्यांदा वापरलं तेव्हा दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघा निवडल्या, कारण यांच्याहून सारख्या दोन गोष्टी असू शकत नाहीत असं त्याचं म्हणणं होतं.

दावा खरा असू शकतो, खोटाही असू शकतो. ३ + ४ = ७ हा खरा, ३ + ४ = ८ हा खोटा. मग ३क्ष + ७ = ५क्ष − ५ हा दावा खरा की खोटा? क्षच्या जागी काय ठेवलं आहे ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. २ ठेवले तर खोटा, ६ ठेवले तर खरा. समीकरण सोडवणं म्हणजे ज्या ज्या संख्यांनी हा दावा खरा ठरतो त्या सगळ्या शोधणं आणि त्यांच्याशिवाय आणखी कोणी नाही याची खात्री करणं. त्या संख्यांनाच आपण उकल म्हणतो. 'क्षची किंमत काढा' या परीक्षेतल्या आज्ञेत ही दुसरी जबाबदारी दिसत नाही, आणि माझ्या मते गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

सहा घोडे, दहा घोडे

भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात एक सुंदर उदाहरण आहे. एकाजवळ ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रुपयांचं कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी आहे. तर घोड्याची किंमत किती?

अज्ञात संख्येला भास्कराचार्य 'यावत्तावत्' म्हणतात आणि लिहिताना नुसतं 'या' लिहितात. ज्ञात संख्येपुढे 'रू' म्हणजे रूप. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. दोन बाजूंना ते पक्ष म्हणतात आणि एकाखाली एक मांडतात:

या ६ रू ३००
या १० रू १०० (या शंभरावर टिंब, कारण ते कर्ज आहे)

मग समशोधन. एका पक्षातले 'या' दुसऱ्यातून वजा करायचे, दहातून सहा गेले चार. 'रू' उलट बाजूने वजा करायचे, ३०० मधून ऋण १०० वजा केले की ४००. चारशे भागिले चार, घोड्याची किंमत १००. पहिल्याची संपत्ती ६०० आणि ३०० मिळून ९००. दुसऱ्याची १००० मधून १०० गेले, ९००. जुळलं. आर्यभटानेही अशा उदाहरणांसाठी हीच रीत दिली होती: ज्ञात रकमांमधल्या फरकाला अज्ञात वस्तूंच्या संख्येतल्या फरकाने भागा.

पण फरकाला फरकाने भागून उत्तर का मिळतं? मघाचे आकडे आठवा. समजा घोडा फुकट आहे. मग पहिल्याजवळ ३०० आहेत आणि दुसऱ्यावर १०० चं कर्ज, म्हणजे दोघांत ४०० चं अंतर. घोड्याची किंमत एक रुपयाने वाढली की पहिला ६ रुपयांनी श्रीमंत होतो, दुसरा १० रुपयांनी. म्हणजे किमतीच्या प्रत्येक रुपयाला दुसरा ४ रुपयांनी अंतर कापतो. ४०० चं अंतर, दर रुपयाला ४, म्हणून १०० रुपयांना दोघं बरोबरीत येतात. नियम पाठ करायची गरज उरत नाही. साधं एकचल समीकरण म्हणजे सुरुवातीला असलेलं अंतर आणि ते कापण्याचा वेग, एवढीच गोष्ट असते.

भास्कराचार्यांचा महाराष्ट्राशी संबंध सांगणारा एक भक्कम पुरावा चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात आहे. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. यादवांच्या काळात खानदेशात बीजगणित शिकवलं जात होतं, हे आपल्या सातवीच्या मुलांना वर्गात सांगायला हवं.

बाजू बदलली की चिन्ह का बदलतं

आता त्या प्रसिद्ध नियमाकडे येऊ. ३क्ष + ७ = ४० मधले ७ 'पलीकडे नेले' की उणे होतात, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात काहीच पलीकडे जात नाही.

वाण्याच्या तागडीची कल्पना करा. दोन्ही पारडी समतोल आहेत. एका पारड्यात सारख्या वजनाच्या तीन बंद पुड्या आणि ७ ग्रॅम वजनं, दुसऱ्यात ४० ग्रॅम वजनं. डावीकडचे ७ ग्रॅम उचलले तर तागडी कलेल. ती कलू नये म्हणून उजवीकडचेही ७ ग्रॅम उचलायचे. आता तीन पुड्यांसमोर ३३ ग्रॅम. दोन्हीकडचा तिसरा हिस्सा ठेवला की एका पुडीसमोर ११ ग्रॅम. दोन्ही बाजूंना सारखीच क्रिया केली, डावीकडचे ७ संपले आणि उजवीकडे 'वजा ७' दिसू लागले. घाईत लिहिताना मधली ओळ गाळली, म्हणून ७ उडी मारून गेल्यासारखे वाटतात. 'चिन्ह बदलतं' हा त्या गाळलेल्या ओळीचा संक्षेप आहे.

माझं शिक्षकांना सांगणं आहे की निदान पहिला महिनाभर ती ओळ गाळू देऊ नका. ती न पाहिलेलं मूल पुढे ३क्ष = ३३ मधला ३ सुद्धा पलीकडे नेऊन त्याला उणे ३ करून टाकतं, आणि नियमाकडे पाहिलं तर त्याने काहीच वावगं केलेलं नसतं.

तागडी एका जागी अपुरी पडते. घोड्यांच्या उदाहरणातलं कर्ज पारड्यात ठेवता येत नाही, उणे शंभर ग्रॅमचं वजन नसतं. तिथे तागडी सोडून मूळ दाव्याकडे यायचं: दोन संख्या जर एकच असतील, तर दोन्हींत १०० मिळवल्यावरही त्या एकच राहतील. धन असोत, ऋण असोत, अपूर्णांक असोत, हे सगळीकडे खरं आहे.

परत फिरणारी पायरी

दोन्ही बाजूंना सारखंच केलं की झालं, असं आता वाटेल. एवढं पुरेसं नाही. ३क्ष + ७ = ४० च्या दोन्ही बाजूंना शून्याने गुणा. ० = ० येईल. दावा खरा आहे, पण आता तो क्ष ११ असला काय आणि ५०० असला काय, खराच आहे. माहिती पुसली गेली.

पायरी चांगली कधी? ती परत फिरवता येत असेल तेव्हा. दोन्ही बाजूंतून ७ वजा केले तर पुन्हा ७ मिळवून मूळ ओळ परत मिळते. म्हणजे जुन्या ओळीला खरी करणाऱ्या संख्या नव्या ओळीलाही खरी करतात, आणि नव्या ओळीच्या जुन्या ओळीलाही. उकलींचा संच तोच राहतो, फक्त ओळ सोपी होत जाते. शेवटी क्ष = ११ ही इतकी सोपी ओळ येते की तिची उकल डोळ्यांना दिसते. समीकरण सोडवताना आपण लिहितो त्या सगळ्या ओळी म्हणजे एकाच उकलीचे अधिकाधिक उघडे होत जाणारे दावे असतात.

परत न फिरणारी पायरी कशी फसवते ते चौरसावर बघू. एका चौरसाचं क्षेत्रफळ आणि परिमिती यांचे आकडे सारखे आहेत. बाजू क्ष धरली तर क्ष × क्ष = ४क्ष. दोन्ही बाजूंना क्षने भागलं की क्ष = ४. पण ० घालून बघा, ० = ०, म्हणजे शून्यानेही समीकरण खरं ठरतं. भागताना ती उकल हरवली, कारण क्ष शून्य असेल तर त्याने भागताच येत नाही. चौरसाची बाजू शून्य नसते, म्हणून इथे नुकसान झालं नाही. पण ते का झालं नाही हे आपल्याला माहीत असायला हवं.

*चौकट: कोणती पायरी परत फिरते?*
दोन्ही बाजूंत तीच संख्या मिळवणं किंवा वजा करणं: नेहमी परत फिरते.
दोन्ही बाजूंना शून्याखेरीज कोणत्याही संख्येने गुणणं किंवा भागणं: परत फिरते.
दोन्ही बाजूंना क्षने गुणणं: शून्य ही नको असलेली उकल आत येऊ शकते.
दोन्ही बाजूंना क्षने भागणं: शून्य ही खरी उकल हरवू शकते.
दोन्ही बाजूंचा वर्ग करणं: क्ष = ५ चं क्ष × क्ष = २५ होतं आणि उणे ५ सुद्धा आत येतात.

उत्तर नाही, हेही उत्तर

ताई १२ वर्षांची, धाकटा ८ वर्षांचा. किती वर्षांनी दोघांचं वय सारखं होईल? पाच वर्षांचं पोरही 'कधीच नाही' म्हणून सांगेल. समीकरण मांडलं तर क्ष + १२ = क्ष + ८. दोन्हीकडून क्ष वजा केला की १२ = ८ उरतं. परीक्षेत असं काही आलं की मुलं घाबरून सगळं खोडतात. पण इथे काही चुकलेलं नाही. दोघंही वर्षाला एकेकच वर्षाने वाढतात, अंतर कापण्याचा वेग शून्य, ४ वर्षांचं अंतर कायम. उकल नाही, हेच पूर्ण उत्तर आहे.

उलट, किती वर्षांनी ताई धाकट्याहून ४ वर्षांनी मोठी असेल? क्ष + १२ = (क्ष + ८) + ४. दोन्ही बाजू एकच आहेत, क्ष काहीही असो. सुरुवातीचा '५ येणार' हा खेळ याच जातीचा: धरलेली संख्या शेवटी वजा होऊन जाते आणि दहाचे निम्मे तेवढे उरतात. कोणतीही संख्या धरली तरी चालतं, म्हणूनच तो जमतो.

आणि ऋण उत्तर आलं तर? बाबा ४० वर्षांचे, मुलगा १५ वर्षांचा. किती वर्षांनी बाबांचं वय मुलाच्या तिप्पट होईल? ४० + क्ष = ३(१५ + क्ष), म्हणजे ४० + क्ष = ४५ + ३क्ष. उत्तर येतं उणे अडीच. म्हणजे ती वेळ अडीच वर्षांपूर्वी येऊन गेली: तेव्हा बाबा साडेसदतीस वर्षांचे होते, मुलगा साडेबारा. साडेबाराची तिप्पट साडेसदतीसच. आपण प्रश्न भविष्याबद्दल विचारला होता, समीकरणाने भूतकाळातलं खरं उत्तर दिलं.

ताळा

उकल म्हणजे दाव्याला खरं करणारी संख्या, हे एकदा पटलं की ताळा करणं हा पाच गुणांच्या उदाहरणातला शेवटचा उपचार राहत नाही. उकलीच्या व्याख्येचीच ती तपासणी असते. पायऱ्या चुकल्या असोत की बरोबर असोत, आलेली संख्या मूळ समीकरणात घातल्यावर दोन्ही बाजू जुळल्या तर ती उकल आहे, नाही जुळल्या तर नाही. गणितात इतकी स्वतंत्र तपासणी फार थोड्या ठिकाणी मिळते. भागाकाराचा ताळा गुणाकाराने करायला आपण मुलांना आवर्जून शिकवतो. समीकरणाच्या बाबतीत मात्र पुस्तकाच्या शेवटची उत्तरसूची उघडण्याची सवय लावतो आणि मुलाच्या हातातलं निर्णय करण्याचं साधन काढून घेतो.

म्हणून आईबाबांना आणि शिक्षकांना एक विनंती. मूल वही घेऊन 'माझं उत्तर बरोबर आहे का?' असं विचारत आलं, तर हो किंवा नाही म्हणू नका. ती संख्या मूळ समीकरणात घालायला सांगा, दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढायला लावा, आणि बरोबर की चूक ते त्यालाच ठरवू द्या.